वाशाला अंगठा

"हसू, सर्दी हाय का रं तुला?" काथोड तांडेलानं विचारलं.

"नाय," मी म्हणालो, आणि तेवढ्यात शिंकलो.

होडीवरचा दुसरा गडी पदू खो-खो हसला. "तांडेल, मारू द्या बुडी जावयाला. आता हळद लागली की खाडीतली निवटी मासळीसुद्धा ओळखायची नाय त्याला."

तांडेल हसला नाही. तो नेहमीसारखा डोलकाठीच्या दोराला एक बोट लावून उभा होता. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "नाकातनं कानात वारा जातो का?"

"जातो."

वारा जात नव्हता. पण ज्याची मुलगी करायची त्याच्यासमोर, लग्नाआधीच्या शेवटच्या बुडीला, पंचा गुंडाळून होडीत बसून राहायचं माझ्या जिवावर आलं होतं.

आमचं काम रेती काढायचं. खाडीच्या मध्यावर होडी नांगरायची, एक लांब वासा तळात रोवून होडीला बांधायचा, आणि लोखंडी बादली घेऊन त्या वाशानं खाली उतरायचं. तळाशी बादली भरून दोर हलवला की वरचा गडी ती ओढून घेणार. खाली उजेड नसतो. डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा, सारखंच. आणि बादली भरायला दोन्ही हात लागतात, म्हणून वासा धरून बसता येत नाही. तांडेलानं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "वासा धरायचा नाय. पायाचा अंगठा लावून ठेवायचा. नुसता लागला तरी बास. वासा लागतोय तोवर तुला घराची वाट ठाऊक हाय."

काथोड तांडेल म्हणजे होडीचा मालक. वयानं त्याच्या कानात दडे बसलेत असं सगळे समजत, त्याच्याशी मोठ्यानं बोलावं लागे. पण माणूस रुबाबदार. कुठंही उभा राहिला की एक बोट कशाला तरी टेकवून उभा राही. होडीवर दोराला, घरात खांबाला, बाजारात मुलीच्या खांद्याला. पदू म्हणायचा, "हे माझं, ते माझं, असं बोट ठेवून सांगतो म्हातारा." मलाही तसंच वाटे.

त्याची एक गोष्ट मात्र सगळ्यांना विचित्र वाटायची. बाकीच्या होड्यांवर नव्या गड्याचा कान फुटला की नारळ फोडत. म्हणत, आता हा पक्का झाला, आता याला पाणी दुखायचं नाही. तांडेलाच्या होडीवर तसं नव्हतं. ज्याचा कान फुटला त्याची डुबी बंद. आणि माझ्या साखरपुड्यात, पाच माणसांत सुपारी हातात घेऊन तो म्हणाला होता, "पोऱ्या चांगला हाय. पण एक सांगून ठेवतो. कान फुटलेल्या गड्याला मी माझी मथू देणार नाय. लग्नाच्या आदल्या दिवशी फुटला तरी नाय."

तेव्हा माझे दोन्ही कान शाबूत होते. मी खुशाल मान हलवली.

बादली घेऊन मी खाली गेलो. निम्म्या पाण्यात कान दुखायला लागले. नाक दाबून वारा सोडला. उजवा उघडला, डावा उघडेना. तिथूनच मागं फिरायला हवं होतं. पण होडीवर कोण उभं आहे ते डोळ्यांपुढं आलं आणि मी आणखी खाली गेलो. तळाला पाय लागले. अंगठा वाशाला लावला, बादली आडवी केली, आणि डाव्या कानात कुणीतरी तापलेली सुई खुपसली. मग जुनं लुगडं फाटावं तसा आवाज झाला. दुखणं एकदम थांबलं. त्याच्या जागी गार पाणी आत शिरलं, पार डोक्याच्या मध्यापर्यंत.

आणि सगळी खाडी फिरली.

जमिनीवर चक्कर आली तर माणूस पडतो, आणि पडला की निदान त्याला जमीन सापडते. मला पडायलाही जागा नव्हती. अंगठा सुटला. हात मारले तर वासा नाही, दोर नाही. वाटलं, मी कोलांट्यांवर कोलांट्या खातोय. कदाचित जागचा हललोही नसेन. होती नव्हती ती ताकद लावून मी वर निघालो, आणि माझं डोकं मऊ गार गाळात घुसलं.

तोंडात गाळ गेला तेव्हा कळलं की आपलं अंग आपल्याशी खोटं बोलतंय. घाबरून थोडा वारा तोंडातून सुटला. बुडबुडे गालावरून निघाले, गळ्यावरून, छातीवरून, पोटावरून सरकत पायांकडे गेले. वाटलं, हेही खोटंच. पण बुडबुड्याला कुठं चक्कर येते? मी अंग दुमडलं आणि ते गेले तिकडे गेलो. अंग ओरडून सांगत होतं, तू खाली चाललायस, तळात चाललायस. मी जात राहिलो.

डोकं पाण्याबाहेर आलं ते होडीच्या भलत्याच बाजूला.

"अरं, वासा इकरं नि नवरदेव तिकरं!" पदू ओरडला. मला वर ओढताना त्याचा आवाज बदलला. "हे रगत कसलं?"

"नाकातलं. सर्दीचं."

"मघाशी तर सर्दी नाय म्हणालास."

मी होडीच्या तळाशी आडवा पडलो. आभाळ गोल फिरत होतं. मधेच तांडेलाचं डोकं दिसलं. तो बोट दोराला लावून माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "आज बास. याला घरी सोड, पदू. हळदीच्या अंगाला ताप नको."

धक्क्यापासून घरापर्यंत मी कुंपणं धरत गेलो. आय दारात भात पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तोंड उघड. श्वास सोड."

"आय, दारू नाय."

"मग बापासारखा का चालतोस?"

मी उंबऱ्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तिनं आधी दार लावून घेतलं, मग खोबरेल तेलात लसूण कडवली आणि ते तेल कानात सोडलं. ते गेलं ते आणखी आग करत. वर कापसाचा बोळा घातला.

"कुणाला बोलू नको," आय म्हणाली. "त्यानं पाच माणसांत सांगितलंय. बोलला तर करणारा माणूस हाय."

"लपवून लग्न करू?"

"करायची हाय का नाय मथू?"

करायची होती. मथूला मी दोन वर्षं होडीवर बापाचा डबा घेऊन येताना बघत होतो. ती फळीवरून अशी चालत यायची की जणू फळीच तिच्या पायाखाली स्थिर व्हायची.

दोन दिवसांनी मी बरा चालू लागलो. आवाज सगळे उजवीकडून येत, पण डोळे उघडे आणि पाय जमिनीवर असले की चालत होतं. वाटलं, निभावलं. मग अंघोळीला बसलो, तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि तांब्यासकट न्हाणीच्या दगडावर कलंडलो.

तेव्हा मला समजलं. माणूस तीन धोंड्यांच्या चुलीवर ठेवलेल्या हंडीसारखा असतो. एक धोंडा डोळ्यांचा, एक पायांचा, एक कानाचा. कानाचा धोंडा आहे हे तो निखळेपर्यंत कुणाला ठाऊकच नसतं. उरलेल्या दोघांवर हंडी कशीबशी तोलून राहते. त्यातला आणखी एक काढला की आडवी.

"आय," मी ओल्या अंगानं ओरडलो, "अंतरपाट!"

"काय झालं अंतरपाटाला?"

"तो डोळ्यांसमोर धरतात ना."

आयच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही कळलं. आमच्यात अंतरपाट उंच असतो, नवऱ्याच्या कपाळाच्या वरपर्यंत. नवरा लाकडी पाटावर, पाटाखाली तांदळाची रास, म्हणजे पाट डुगडुगणारच. हातात हार, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. आणि समोर नुसतं कापड. अंतरपाट निघायच्या आधी नवरा पडला तर आमच्या लोकांत तो मोठा अपशकुन. पलीकडच्या एका गावात नवरा उपाशीपोटी घेरी येऊन पाटावरून पडला होता, तर मुलीकडच्यांनी वरात रिकामी परत पाठवली होती. आणि इथं तर मुलीचा बाप काथोड तांडेल. पडलेला डुबीवाला बघून त्याला कारण विचारावं लागलंच नसतं.

आयनं खुंटीवरचं लुगडं काढलं, दाराला बांधलं, दुसरं टोक स्वतः धरलं. "उभा रहा. मी मंगलाष्टकं म्हणते."

"तुला येतात?"

"न यायला काय झालं? माझ्या लग्नात भटानं इतकी म्हटली की तुझा बाप उभ्या उभ्या घोरायला लागला."

तिचं एक कडवं संपायच्या आत मी डावीकडं पडलो. दुसऱ्यांदा लुगड्यासकट पडलो. तिसऱ्यांदा एक बोट भिंतीला नुसतं टेकवलं, आणि काय आश्चर्य, उभा राहिलो. जोर नव्हता त्या बोटात. नुसतं लागलेलं होतं. पण मांडवात भिंत कुठून आणणार?

"भटाला सांगते, दोनच म्हण," आय म्हणाली. "दक्षिणा पुरी घे नि दोनच म्हण."

लग्नाच्या आधीच्या बाजारात मथू भेटली. बापाला तिनं चहाच्या टपरीशी उभं केलं होतं, त्याचं बोट टपरीच्या खांबाला होतं. ती सरळ माझ्याकडे आली. मी एका माडाला बोट टेकवून उभा होतो.

"कुणी बघंल," मी म्हणालो.

"बघू दे. परवा सगळ्यांदेखत बघायचंच हाय." तिनं माझ्या बोटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "बाबांची सवय लागली वाटतं."

"लागली."

"बरी सवय हाय." मग म्हणाली, "लग्नाला मोजे घेतलेत म्हणं. पदू खाडी ओलांडायच्या तरीवर सगळ्यांना सांगत होता. पांढरे."

तेव्हा नवऱ्यांनी पांढरे मोजे घालायची नवी टूम निघाली होती. बूट पाटाशी काढायचे, मोजे पायात ठेवायचे.

"घेतलेत. चांगले दिसतात."

"नका घालू."

"का?"

"मला आवडत नाय."

"एवढंच?"

"एवढंच. बायकोचं पहिलं मागणं ऐकावं. नाय तर मग जन्मभर ऐकावं लागतं."

ती हसली आणि बापाकडं गेली. तांडेलानं खांबावरचं बोट काढलं, तिच्या खांद्यावर ठेवलं आणि दोघं गर्दीत शिरले.

लग्नाच्या दिवशी खाडीवरून वारा सुटला होता. मांडव तांडेलाच्या दारात, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. मी अनवाणी पाटावर चढलो. पदू अंतरपाटाचं एक टोक धरायला उभा राहिला, दुसरं मथूच्या मामानं धरलं. पदूनं मोज्यांचं विचारलं तेव्हा मी म्हणालो, हरवले. "नवे कोरे?" तो म्हणाला. "लग्नाआधी मोजे हरवतोस, लग्नानंतर काय काय हरवशील?"

कापड वर गेलं. समोरची माणसं, मांडवाचे खांब, मथूची येणारी पावलं, सगळं गेलं. राहिलं पिवळं कापड, आणि ते वाऱ्यानं डुलत होतं. माझ्या नाकासमोर मुंडावळ्या डुलत होत्या. भटानं सुरुवात केली, पलीकडून लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण नागूबायनं आपलं धवलं वरच्या आवाजात सुरू केलं, दोघांपैकी कुणी थांबायला तयार नाही. आवाज सगळा उजवीकडून येत होता, म्हणून मला वाटलं सगळं लग्न माझ्या उजव्या अंगाला लागतंय.

पहिलं अष्टक निभावलं. दुसऱ्याला अंतरपाट फुगून माझ्याकडं आला, आणि मला वाटलं मी मागं चाललोय. म्हणून पुढं झुकलो. पाट तांदळावर कुरकुरला. कापड परत गेलं, तसा मी पुढंच पडणार असं वाटलं. म्हणून मागं झुकलो. माझ्या कपाळाला घाम सुटला. भट दोनवर थांबला नाही. आयची दक्षिणा त्याला कमी पडली असावी, किंवा नागूबायच्या आवाजाची त्याला ईर्षा चढली असावी. तिसरं सुरू झालं.

"हसू," पदू कापडाच्या कडेनं कुजबुजला, "डुलतोस काय? आतापास्नंच नाचतोस काय?"

मला त्याला उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं तर खाडीचं गार पाणी आत येईल असं वाटलं. हात हारात गुंतलेले. डोळ्यांसमोर काही नाही. पायाखाली डुगडुग. अंग पुन्हा खोटं बोलायला लागलं होतं, आणि इथं बुडबुडेही नव्हते. मला वाटलं, आता गाळ लागेल डोक्याला.

तेवढ्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं.

आधी वाटलं, अक्षता असतील. पण ते गार होतं, मऊ होतं, आणि तिथंच राहिलं. अंतरपाटाच्या खालच्या कडेखालून एक अंगठा आला होता. हळदीनं पिवळा झालेला, ओलसर. तो माझ्या अंगठ्यावर दाबत नव्हता. नुसता टेकला होता.

आणि जग उभं राहिलं. कापड अजून डुलत होतं, पण आता कळत होतं की कापड डुलतंय, मी नाही. तिसरं अष्टक झालं. चौथं झालं. पाचव्याला नागूबाय दमली आणि भट जिंकला. मी वाशासारखा उभा होतो.

पुढच्या रांगेतल्या बायकांना अंतरपाटाखालचं दिसत होतं. आमच्यात म्हणतात, पाटावर जिचा पाय नवऱ्याच्या पायाला आधी लागतो, तिचं घरात राज्य. नागूबायनं ते बघितलं आणि धवलं सोडून ओरडली, "बघा, बघा गं बायांनो! अजून माळ नाय पडली नि पोरीनं पाय टाकला! हसू, तुझं काय खरं नाय रं बाबा!"

सगळा मांडव हसला. मामा हसला, पदू इतका हसला की त्याच्याकडचं कापड खाली आलं. मला मथूचं कपाळ दिसलं, मग डोळे. कान लाजेनं लाल झाले होते. पण अंगठा तिनं हलवला नाही. "सावधान" होईपर्यंत तो तिथंच होता.

जेवणं झाल्यावर मी तांडेलाच्या पाया पडायला वाकलो. वाकताना तोल गेला. त्यानं माझं कोपर पकडलं आणि सरळ केलं. त्याचा दुसरा हात मांडवाच्या खांबावर होता. हात नाही, एक बोट.

"कुठला?" त्यानं विचारलं.

"काय कुठला?"

"कान."

खोटं बोलायचं तर तोंडाकडं बघत होता. "डावा," मी म्हणालो.

"माझे दोन्ही." तो शांतपणे म्हणाला. "तुझ्याएवढा होतो. नारळ फोडला होता होडीवर. पक्का झालो म्हणाले."

मी त्याच्या खांबावरच्या बोटाकडं बघितलं. होडीचा दोर आठवला, टपरीचा खांब आठवला, मथूचा खांदा आठवला.

"तुमाला कधी कळलं?" मी मोठ्यानं विचारलं.

"वासा एकीकरं नि तू दुसरीकरं वर आलास तेव्हाच."

"मग लग्न मोडलं का नाय?"

"मोडायलाच निघालो होतो. त्याच दिवशी जेवताना मथूला म्हटलं, 'गेला त्याचा कान, सुपारी परत करतो. पोरी, तुझी आय जन्मभर माझ्या उजव्या अंगाला चालली. कधी पुढं नाय, कधी मागं नाय. जत्रेत पाळण्यात बसली नाय, मी खाली एकटा उभा राहीन म्हणून. ती गेली तशी तू लागलीस तिच्या जागी. आता आणखी एकाचा वासा नाय करायचा तुला.'"

"मग?"

"मग काय! म्हणाली, 'बाबा, आय कधी कुरकुरली का?' मी म्हटलं, 'मला कसं ठाऊक? मला ऐकायला कुठं येतं?'" त्याच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या जमल्या. "हसली. खूप हसली. म्हणाली, 'मग राहू द्या सुपारी.'"

भरती आली, तशी आमची माणसं निघायची घाई करू लागली. आम्हाला होडीनं खाडी ओलांडून अलीकडं यायचं होतं. मथू सगळ्या बायकांच्या गळ्यात पडली, रडली नाही. शेवटी बापापुढं आली. तो खांबाला बोट लावून उभा होता. ती त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हती, त्या बोटाकडं बघत होती. त्या क्षणी मला कळलं की तिनं माझ्याकडं पाय सरकवला तेव्हा कुठून तरी तो काढून घेतला होता.

मुलीच्या बापानं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी रीत. तरी मी परत फिरलो.

"तांडेल, धक्क्यापर्यंत चला."

"रीत नाय."

"भरतीत फळी हलते. मला चढवायला कुणी तरी पायजे."

"तुला मी चढवू? मला कोण चढवणार?"

"मी."

"दोघंही पडू."

"पडलो तर चिखलातच पडू. तळ तर सापडंल."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग खांबावरचं बोट काढलं. क्षणभर ते हवेत आधार शोधत राहिलं. मी माझा उजवा खांदा पुढं केला आणि ते त्यावर येऊन टेकलं. हलकं होतं, पाखरू बसल्यासारखं.

"आता सासऱ्यालापण वरातीत नेतो काय रं?" नागूबाय मागून ओरडली. आम्ही दोघं चालत राहिलो. सूर्य अजून खाडीवर होता, वाट दिसत होती, जमीन पायाखाली होती. तीनपैकी दोन धोंडे मला पुरत होते.

आणि मथू आमच्या पुढं चालली होती. बापाच्या पुढं, एकटी, दोन्ही हात मोकळे हलवत. फळीवर चढताना तिनं मागं वळून बघितलं नाही. पदू म्हणाला, "सासरी जायची घाई बघा हिची!" तिनं ते ऐकलं आणि आणखी मोठी पावलं टाकली.

मी पुन्हा डुबी मारली नाही. तांडेलानं त्याची होडी मला दिली आणि मी तिच्यावर तर, म्हणजे माणसं खाडीपार न्यायची फेरी, चालवली. रोज सकाळी पहिल्या फेरीला तो पलीकडच्या धक्क्यावर येऊन बसे, आणि मी उतरलो की त्याचं बोट माझ्या खांद्यावर येई. तो गेला तोवर ते तसंच चाललं. लोक म्हणायचे, सासरा-जावयाचं असं प्रेम कुठं बघितलं नाही.

म्हातारपणी मी साक्षरतेच्या वर्गात गेलो. तिथं मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा अक्षर अक्षर लावत वाचला. लिहिलं होतं, कानाच्या आत वाकड्या नळ्या असतात, त्यांत पाणी असतं, डोकं कुठं कललं ते त्या पाण्यावरून कळतं. डोळ्यांचं लिहिलं होतं, तळपायांचं लिहिलं होतं. अंगठ्याचं त्या धड्यात काही नव्हतं.

मथूला गावानं जन्मभर चिडवलं. पाटावर नवऱ्यावर पाय टाकणारी म्हणून. कुठलंही लग्न असो, कुणी ना कुणी म्हणणारच, "मथूबायला विचारा, पाय कधी टाकायचा!" तिनं एकदाही खरं सांगितलं नाही. मी सांगायला निघालो तर डोळे मोठे करून मला गप्प करायची.

परवा नातीचं लग्न ठरलं. नात आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. म्हणाली, "आजी, खरं सांग. तू पाय का टाकलास गं?"

मी पडवीच्या खांबाला बोट लावून उभा होतो.

"राज्य करायचं होतं," मथू म्हणाली.

"मग केलंस?"

मथूनं माझ्याकडं नखशिखांत बघितलं.

"तर! बघ की," ती म्हणाली. "अजून उभे हायत."